बोअरच्या पाण्यावरचा लेख
स्पिरिटचा वास आला की मला दुष्काळातली ती शाळा आठवते. किल्लारीच्या पुढच्या एका गावात, तापलेल्या पत्र्याखाली, आम्ही दुसऱ्यांदा रक्ताचे नमुने घ्यायला बसलो होतो. विहिरी आटल्या होत्या, आणि उरलेल्या एकमेव बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांची हाडं वाकतात, हे मेडिकल कॉलेजातल्या आमच्या सरांनी पहिल्या लेखात सिद्ध केलं होतं. कमरेत वाकलेली एक मावशी माझ्यासमोर टेकली. "मागल्या बारीला रगत नेलतं, त्याचं काय झालं गं बाई?" मी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट ओतलं. सर मात्र खुशीत होते. "मावशी, तुमच्या गावावरचा लेख परदेशात छापलाय. जगभरचे डॉक्टर त्याचा संदर्भ देतात!" "म्हंजे आमचं पाणी खराब हाय हे समद्या जगाला कळलं म्हना," मावशी म्हणाली, "मंग चांगलं पाणी कवा येनार?" "ते सरकारचं काम," सर पुटपुटले आणि त्यांनी मला खूण केली. मावशीनं हसून हात पुढे केला. "घे बाई. तुमचं तरी व्हऊ दे." मी तिच्या दंडाला रबरी पट्टी बांधली. त्या दुसऱ्या लेखावर माझंही नाव आहे, आणि त्याचे संदर्भ पहिल्यापेक्षा जास्त झाले. परवा सरांनी तिसऱ्या लेखाचा विषय काढला. गाव तेच ठेवू म्हणाले, पाणी अजून तेच आहे.