कापगतेजींनी घातलेला बिब्बा

श्री. तुळशीराम कापगते यांच्याशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली. भिलाईचा कारखाना तेव्हा एका अंगाने चालू झाला होता आणि दुसऱ्या अंगाने बांधला जात होता. मी नागपूरहून आलेला प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ, नोकरी अजून कच्ची. ते रंगकामाचे मिस्त्री, भंडाऱ्याकडची शेती भावावर सोपवून आलेले. रंगासाठी मी पास केलेल्या एका पत्र्यावर त्यांनी बोट फिरवले, गंजाने लाल झालेले ते बोट माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "साहेब, हे तं आंघोळ न करता पावडर लावनं झालं." मला असा राग आला म्हणता! पत्रा मात्र पुन्हा घासावा लागला.

पुढे पाण्याच्या मोठ्या पाइपांचे संकट आले. पाइपांना आतून इपॉक्सी या परदेशी राळेचा लेप दिला होता. लेप उत्तम, पण काचेसारखा कडक. पंप सुरू झाला की पाइप थरथरत आणि लेपाला भेगा पडत. नव्या भट्टीला पाणी द्यायचा दिवस तोंडावर आला होता आणि मोठे साहेब रोज जाब विचारत होते. कापगतेजी म्हणाले, "कडक हाय म्हणून फुटून राहिला. थोडा मऊ करा न."

"मिस्त्री, चांगल्या कामात बिब्बा घालू नका," मी खेकसलो.

ते म्हणाले, "बिब्बाच घालून पाहू, साहेब. आमच्या गावात टाचेच्या भेगीत तोच भरतेत."

मला ती थट्टा वाटली. पण घरी जाऊन पुस्तके चाळली, तर ती थट्टा नव्हती. बिब्ब्याच्या तेलातल्या रेणूला लांब शेपटी असते. ती राळेत गुंतली, तर लेप वाकेल, पण तुटणार नाही. हे वर जाऊन सांगायची हिंमत मात्र माझ्यात नव्हती. परवानगीशिवाय इपॉक्सीला हात लावायचा नाही, असा सक्त हुकूम होता. मी इपॉक्सीचा एक डबा गुपचूप कापगतेजींच्या हाती दिला.

खुर्सीपार वस्तीतल्या आपल्या घरामागे त्यांनी मडक्यात बिब्बे तापवून तेल काढले. मला धुराजवळ येऊ दिले नाही. लेप लावून पाहिलेल्या पत्र्याच्या पहिल्या पट्ट्या चिकटच राहिल्या, बिब्बा जास्त झाला होता. तिसऱ्या खेपेला लेप नीट वाळला, तोवर बिब्बा उतून कापगतेजींचा चेहरा सुजला होता. कापगतेवहिनी तीळ-खोबरे वाटून लावत होत्या आणि म्हणत होत्या, "पाइपाले मऊ करता करता सोताच फुगून बसले."

दुसऱ्याच दिवशी डबा कमी असल्याचे उघड झाले. मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावले. टेबलावर कामावरून कमी करण्याचा हुकूम टाइप करून ठेवलेला होता, फक्त नाव भरायचे बाकी होते. "डिब्बा किसने दिया?" त्यांनी विचारले. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

सुजल्या ओठांनी कापगतेजी म्हणाले, "मैंने उठाया, साहब, भेलवे का तेल मिलाने के लिए. पर एक बार पट्टी मोड़ के देख लो."

साहेबांनी नुसत्या इपॉक्सीची पट्टी सळईवर वाकवली. लेपाचे तुकडे टेबलावर पडले. मग काळी, बिब्ब्याची पट्टी घेतली. माझे लक्ष पट्टीवर नव्हते, त्या कागदावर होते. पट्टी सळईभोवती पुरती वळली. साहेबांनी ती उलटी वाकवली, सरळ केली, नखाने खरवडली. भेग पडली नव्हती. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि विचारले, "ये भेलवा और कितना मिलेगा?"

पाइप टिकले. अहवालावर नाव माझे छापले गेले आणि माझी नोकरी पक्की झाली. खोटे का बोललात, असे मी नंतर कापगतेजींना विचारले. "तुमची नोकरी कच्ची होती," ते म्हणाले. "माह्या अंगावर तं फोड होतेच. त्यात एक अजून." तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही, आणि याची मला लाज वाटते.

आज त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. शंभरीच्या वाटेत त्यांच्या तब्येतीने बिब्बा घालू नये, हातपाय असेच चालते राहावेत, आणि त्यांचे गंज शोधणारे बोट आम्हा सर्वांवर असेच फिरत राहावे. आणि त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे राहून गेले आहे, ते त्यांच्या या गौरवग्रंथात छापावे: डबा मी दिला होता, साहेब.