खसखशीएवढी

मला त्या घरात औषध म्हणून आणलं होतं. हे मला लग्नानंतर अकराव्या दिवशी कळलं. त्याचा राग इतक्या वर्षांनीही उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

माझं माहेर वडगावचं, सासर शहापूरचं. दोन्ही घरं विणकरांची, मधे चालत जायचं अंतर. मला पंधरावं लागलं होतं, नवरा एकोणीस वर्षांचा. बोलायला मऊ, आणि साडीचा काठ असा विणायचा की बायका मागापाशी येऊन बघत राहायच्या. फक्त दुपारचं जेवण झालं की मागाचा धोटा हातात धरूनच पेंगायचा आणि सारखं नाक खाजवायचा. मला वाटलं, दमत असेल. शेवटी पाणी भरताना शेजारीण म्हणाली, "अगं, अफू खातोय तुझा न्हवरा. तुला ठावं न्हाय? समद्या गल्लीला ठावं हाय."

गल्लीला ठाऊक होतं, तसं माझ्या वडिलांनाही ठाऊक होतं. अकराव्या दिवशी, पहिल्या माहेरपणाला, मी त्यांना विचारलं, तर ते जेवणाच्या ताटाकडं बघत म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. जराशी सवय हाय, लगीन झालं की सुटंल म्हणाले सगळे." दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! अफूवर पंधरा वर्षांची पोरगी हा उतारा कुठल्या वैद्याच्या पोथीत लिहिलाय, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

सवय कशी लागली ते सासूबाईंनीच सांगितलं, तेही अगदी सहज. पंधराव्या वर्षी तो दिवसभर मागावर बसायला लागला. खड्ड्यात पाय सोडून, वाकून, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. लग्नसराईत त्याची पाठ धरली. नवरीची साडी मागावर होती आणि नवरी काही कुणाच्या पाठीसाठी थांबत नाही. सासूबाईंनी ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी दुधातून दिली. पाठ सुटली, साडी वेळेत उतरली. पुढच्या सराईत दोन गोळ्या लागल्या. मी गेले तेव्हा दिवसाला चार चालू होत्या. "सरकारी परवान्याच्या दुकानात मिळतंय, म्हंजे इख थोडंच असंल?" असं त्यांचं म्हणणं. सरकारवर एवढा विश्वास त्यांनी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत ठेवला नाही.

माझ्या आधीही औषधं झाली होती. दसऱ्याला मागाची पूजा झाली की त्याला मागावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायचे. आमच्यात त्या शपथेपुढं दुसरी शपथ नाही. दोन दसरे त्यानं घेतली आणि दोन्ही वेळा तीन दिवसांत मोडली. तिसरा दसरा माझ्या डोळ्यांदेखत झाला. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, जांभया थांबेनात, अंगावर काटा, पोटात कळा. तिसऱ्या दिवशी तो पाय झाडत भुईवर लोळत होता, म्हणून घरच्यांनी त्याला खांबाला बांधलं. गल्ली बघायला आली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं प्रत्येकजण म्हणाला, जणू पहिल्यांदा त्यालाच सुचलं होतं. एक बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "बायकूचा पायगुण न्हाय गं चांगला." म्हणजे औषध लागू पडलं नाही याचा दोषही औषधालाच.

चौथ्या दिवशी त्याचे डोळे पांढरे झाले. मी दोर सोडला, गल्लीतल्या छकड्यात त्याला घातलं आणि बेळगावच्या दवाखान्यात नेलं. सासूबाई रडत मागं बसल्या होत्या. तिथले डॉक्टर वयस्क होते, तिरसट होते. शपथेचं ऐकून ते ओरडलेच, "तापाला शपथ घालता का? मग ह्यालाच का घालता? एकदम तोडलंत म्हणून हा मरायला टेकलाय."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. आधी होत्या तेवढ्याच गोळ्या, ठरल्या वेळेला द्यायच्या. दर पंधरवड्याला सगळ्या गोळ्यांचा आकार उतरवायचा. ज्वारीएवढी, मग बाजरीएवढी, मग मोहरीएवढी, राजगिऱ्याएवढी, आणि शेवटी खसखशीएवढी. "एकाच बोंडातल्या दोघी," ते म्हणाले, "खसखस आणि अफू. तिथं पोचलीस की जिंकलीस. अफूची डबी तुझ्याकडं ठेव. आणि त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, लाजवायचं नाही." एवढ्या दिवसांत तो आजारी आहे असं म्हणणारा हा पहिला माणूस.

डबी मी कमरेच्या चंचीत ठेवली. धान्याच्या डब्यांतले दाणे तळहातावर घेऊन त्यांच्याशेजारी गोळी वळायची. विणकराच्या घरातली मी, नजरेचं माप माझं पक्कं होतं. बाजरीवर आलो तेव्हा तो मला नको नको ते बोलला. एकदा पाय धरले. पाय धरल्याचा मला शिव्यांपेक्षा जास्त संताप आला. पण आम्ही मोहरीवर पोचलो.

आणि एकाएकी त्याची तक्रारच बंद झाली. दुपारी पुन्हा पेंग, पुन्हा नाक खाजवणं. मी त्याच्या आंबिलीचा वाडगा उचलून हुंगला. तो कडवट, उग्र वास मला चुकणार नव्हता.

"आत्याबाई, ह्यात काय घातलंया?"

"वाईच घातलंय गं," सासूबाई म्हणाल्या. "हात थरथरत्यात त्याचे, ताण्याची सुतं तुटाय लागल्यात. पोराचं हाल बघवंना मला. तू आई झालीस की कळंल."

मी त्यांना जे बोलले ते सुनेनं सासूला बोलायचं नसतं. वाडगा अंगणात भिरकावला. मग पुन्हा ज्वारीपासून सुरुवात केली. या खेपेला तो आईच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. मी देईन ते खायचा, दात आवळून मागावर बसायचा, सूत तुटलं तर गाठ मारायचा. खसखशीवर आलो आणि एक दिवस तीही थांबली. पुढच्या दसऱ्याला त्यानं मागाची पूजा केली, तेव्हा शपथ घे म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मला सहावा महिना होता.

मुलगा झाला. दोन महिन्यांनी मी पुन्हा रहाटाशी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला लागले. पोर गुणी होतं. सकाळी सासूबाई सहाणेवर घुटी उगाळून चाटवायच्या आणि ते दुपार टळेपर्यंत झोपायचं. शेजारणी कौतुक करायच्या, मी फुशारून जायची.

एका दुपारी नवऱ्यानं पोराला उचलून तोंडाशी धरलं. त्याचा चेहरा उतरला.

"अगं, ह्याच्या तोंडाला वास येतोय."

"कसला?"

"माझा."

सासूबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "त्यात काय? तुलाबी पाळण्यात असंच दिलंतं. समद्याच घरात देत्यात. न्हाईतर कांड्या कोण भरणार?"

म्हणजे त्याची पहिली गोळी पंधराव्या वर्षीची नव्हतीच. त्यानं सहाण उचलून भिंतीवर आपटली. मी ओरडले नाही. कुणावर ओरडणार? वर्षभर मी अफूचे कण मोजले, वाडगा हुंगून चोरी पकडली. त्याच नाकानं रोज पोराचे मुके घेतले आणि मला वास आला नाही. कारण पोर झोपलं की रहाट अडत नव्हता. ती झोप माझ्या सोयीची होती. सासूबाईंना मी एकदा वाटेल ते बोलले होते. स्वतःला अजून बोलते आहे.

पोराला घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून डोळे मिटले. म्हणाले, "ह्याचंही एकदम तोडायचं नाही. तसंच, कमी कमी करत."

घरी येऊन मी डब्यांतले दाणे पुन्हा तळहातावर घेतले. पोराला सुरुवातच खसखशीएवढ्या गोळीपासून करायची होती. आणि त्याहून लहान दाणा आमच्या घरात नव्हता.