तळाची ओळ

स्टेन्सिल कोरून झाली की आमचे विज्ञानाचे सर ती खिडकीशी नेऊन उजेडाला धरायचे आणि वाचायला सुरुवात तळापासून करायचे. तळाशी त्यांनीच कोरलेली एक ओळ असायची: पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, पान नंबर. "ज्याचं हाय त्याचं नाव लागलं पाहिजे, भाऊसाहेब," असं मला बजावायचे. मी शाळेचा कारकून. स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल फिरवणं माझ्याकडे. हे वाक्य ऐकून माझे कान किटले होते. एकदा म्हणालो, "सर, लिहिणाऱ्याच्या बापानंही त्याचं नाव इतक्यांदा घेतलं नसेल." ते हसले आणि पुढची स्टेन्सिल उजेडाला धरली.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या गावच्या विहिरींना तळ दिसत होता. दहावीची निम्मी मुलं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. विज्ञानाचं चांगलं पुस्तक गावात एकच, सरांकडचं. त्यातले अवघड भाग आणि आकृत्या सर कागदावर उतरवून द्यायचे. बौद्धवाड्यातली एक मुलगी ते कागद कामावर नेऊन, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगडाखाली दाबून वाचायची. तिच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. "सर, पुढचे कागद कधी भेटतील?" एवढंच ती विचारायची.

पुस्तकं खपवत फिरणाऱ्या एका माणसाच्या हाती त्यातला एक कागद लागला. त्याला काही शोधावं लागलं नाही, सगळं तळाशी लिहिलेलंच होतं. प्रकाशकाचं रजिस्टर पत्र आलं: आमच्या पुस्तकाची नक्कल थांबवा, नाहीतर कोर्ट. हेडमास्तरांनी त्याच दिवशी वाटप बंद केलं. परीक्षेसाठी काढलेला शेवटचा गठ्ठा कपाटात गेला आणि किल्ली माझ्या खिशात.

"वर्गात शिकवायला बी चालत न्हाई का?" सरांनी विचारलं. आमच्यात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. जुन्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की तुमचा तालुका आता लातूरला गेला. लातूरला सर स्वतः दोनदा जाऊन आले. तिथे दप्तरांची गाठोडी अजून सोडलेली नव्हती. "म्हणाले, कायदा बघून कळवतो. चहा मात्र पाजला," सरांनी येऊन सांगितलं.

परीक्षा आठवड्यावर आली. मी सरांना बाजूला घेतलं. "कात्रीनं तळाची ओळ कापू आणि वाटून टाकू. कुणाला कळणार हाय?"

सर म्हणाले, "आत्तापर्यंत मी चोरी केली न्हाई, भाऊसाहेब. ओळ कापली की चोरी होईल."

मला त्यांचा राग आला. आज वाटतं, तो राग माझा माझ्यावरच होता. कपाट उघडायला मला तरी कोण अडवत होतं? पण नोकरी प्यारी होती. अशी किल्ली खिशात घालून बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सर फळ्यावर लिहीत राहिले. ज्यांनी उतरवून घ्यायचं ती मुलं खडीवर होती. ती मुलगी विज्ञानात नापास झाली. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसवू म्हणून सर तिच्या बापाकडे गेले, तोवर तिचं लग्न ठरलं होतं.

लातूरचं उत्तर आलं तेव्हा सर निवृत्त होऊन लोह्याजवळ आपल्या गावी राहायला गेले होते. मी बस धरून गेलो. बाजेवर बसले होते, खंगलेले, डोळ्यांवर जाड भिंग. मीच म्हणालो, "सर, चालतंय म्हणतात. वर्गात शिकवण्यापुरती शिक्षकानं नक्कल केली तर कायद्याची हरकत नाही."

त्यांनी कागद हातात घेतला, उजेडाला धरला आणि सवयीनं तळापासून वाचायला लागले. तिथे शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीच्या जागी 'करिता' लिहून एक फराटा ओढलेला होता. त्यावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "इथं कुणाचंच नाव न्हाई."