गेन नऊच्या वर नाही

बिल्डिंगमधली मुलं तिला चार्जरकाकू म्हणत. तिच्या ओट्याच्या एका टोकाला गॅस आणि दुसऱ्या टोकाला कायम चार बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या. बॅटऱ्या नवऱ्याच्या, कॅमेरा नवऱ्याचा आणि फिल्मच्या शेवटी येणारं नावही नवऱ्याचंच.

एके काळी तिने एका वाहिनीच्या कंट्रोल रूममध्ये नऊ वर्षं काढली होती. समोर तीन कॅमेऱ्यांची तीन चित्रं, आणि तिन्हींत माणसाचा चेहरा एकाच रंगाचा दिसला पाहिजे, हे तिचं काम. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ‘थोडे दिवस रजा घे’ असं ठरलं. त्या थोड्या दिवसांना आता अकरा वर्षं होत आली होती.

नवरा एका ट्रॅव्हल कंपनीसाठी सहलींच्या फिल्म काढायचा. माणूस गोडबोल्या, दगडालाही कॅमेऱ्यासमोर बोलतं करील. पण कॅमेऱ्यातलं त्याला एवढंच कळायचं की लाल बटण दाबलं की सुरू होतं. नवा कॅमेरा खांद्यावरच्या पिशवीत मावेल इतका छोटा. आतला मेनू मात्र मारुतीच्या शेपटासारखा लांब. म्हणून प्रत्येक प्रवासाआधी ती सगळं लावून द्यायची आणि छोट्या पडद्याच्या मागे चिठ्ठी चिकटवायची: शटर पन्नास. फोकस हाताने. झूम करायचं नाही, पायांनी जवळ जायचं. गेन नऊच्या वर नाही.

या शेवटच्या ओळीवर तिचा फार जीव. गेन वाढवला की अंधारातलंही उजळ दिसतं, पण चित्रावर साखर सांडल्यासारखे दाणे येतात, सावल्या मातकट होतात. नऊवर अडवलं की अंधार अंधारासारखा राहतो आणि त्यातला चेहरा चेहऱ्यासारखा.

या खेपेला मिठाची जुनी खाण होती. जमिनीखाली तीनशे पायऱ्या आणि अधूनमधून पिवळे दिवे. कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, “एकट्याला झेपणार नाही. जाणकार माणूस सोबत घ्या.” नवरा घरी येऊन म्हणाला, “चल, या वेळी तूच.” नणंद आठ दिवस आईपाशी राहायला तयार झाली. चार्जरकाकूने अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी चालायचे बूट घेतले.

मग तालीम सुरू झाली. सामानाच्या खोलीत सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, दार लावलं, कोपऱ्यात एक पिवळा दिवा ठेवला.

“बसवा, अंधारात बसवा मला,” सासूबाई म्हणाल्या. “पुढे तेच व्हायचंय.”

“हलू नका हो आई, नाकावर फोकस करतेय.”

“साठ वर्षांत कुणी बघितलं नाही माझ्या नाकाकडे.”

“मी बघतेय ना. चांगलं आहे की.”

चार दिवस हे चाललं. पांढरा कागद दिव्याखाली धरून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते शिकवायचं, मग थोडा पिवळेपणा परत येऊ द्यायचा. चौथ्या दिवशी नवऱ्याने चित्र पाहिलं. सासूबाईंच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती आणि मागे स्वच्छ काळोख.

“मी नुसतं बटण दाबलं तरी हे असंच येईल?”

“अगदी असंच,” ती अभिमानाने म्हणाली, आणि तिथेच फसली.

“मग दोघं कशाला? उगाच आईची आबाळ.”

“माझं नाव घेऊ नकोस हां,” सासूबाई आतून ओरडल्या. “मी कुणाला थांबवलेलं नाही.”

“मॅडम जाणकार माणूस घ्या म्हणाल्या होत्या,” ती म्हणाली.

“अगं, जाणकारी यात आलीच की सगळी!” एखाद्या गुणी बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्याने कॅमेऱ्यावर थाप मारली.

निघायच्या दिवशी तो अंघोळीला गेला तेव्हा तिने चिठ्ठी सोलून काढली. गेनची मर्यादा उठवली. पांढरं कुठलं, तेही कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडलं. खाणीचा चिखल होऊन येईल, मॅडम भडकतील, आणि हा म्हणेल, ‘तू हवी होतीस.’ तेवढं एक वाक्य ऐकायला मिळालं की पुढच्या प्रवासाला ती सोबत असणारच होती.

तो परत आल्यावर तिने चित्रं पाहिली. तिला वाटलं होतं त्याहून वाईट. दाणे किड्यांसारखे वळवळत होते, मिठाच्या भिंतींना खरूज झाली होती, चेहरे एका वळणावर हिरवे तर दुसऱ्यावर नारिंगी. तिला आपल्याच कामाची लाज वाटली. तरी ती मॅडमच्या फोनची वाट पाहू लागली.

आठवड्याने मॅडमचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला.

“अहो, काय करून ठेवलंत तुम्ही हे!”

तिने भांड्यांवरचा नळ बंद केला.

“ते दाणेदार चित्र! अगदी जुन्या सिनेमासारखं वाटतं. लोक वेडे झालेत. आधीच्या तुमच्या फिल्म, रागावू नका हं, जरा दवाखान्यासारख्या स्वच्छ असायच्या.”

नवरा हसला. “मुद्दामच केलं मॅडम. जागेचा मूड पकडावा लागतो.”

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, “मूड कसा पकडलात?”

“असं बोलावं लागतं गं. पुढच्या महिन्यात गुहा आहेत. मागच्यासारखंच लावून दे.”

“मागच्यासारखं म्हणजे कसं?”

“तू नेहमी लावतेस तसं. त्यात वेगवेगळं काय असतं?”

तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. तो चेष्टा करत नव्हता. अकरा वर्षांतल्या फिल्म आणि ही फिल्म, त्याला खरोखरच सारख्या दिसत होत्या.

कॅमेऱ्याच्या बाजूला एक छोटी कळ असते. ती सरकवली की सगळं कॅमेराच ठरवतो. त्या कळीला तिने आजवर बोट लावलं नव्हतं. तिने हात पुसले, कळ सरकवली आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

“झालं.”

“इतक्यात?”

“हो.”

“बघ,” तो म्हणाला, “आणि तू उगाच चार-चार दिवस घालवायचीस.”