नांगरताईचा अर्धा पॉइंट

नांगरताई आता उठून उभी राहणार, असं तिच्याकडे पाहताना दर पंधरा मिनिटांनी वाटायचं. दोन्ही तळहात खुर्चीच्या चाकांवर टेकायचे, कोपरं ताठ करायची आणि अख्खं अंग वीतभर वर उचलून धरायचं, ओठांतल्या ओठांत तीस आकडे मोजून होईपर्यंत. मग हळूच खाली. गप्पा रंगात आलेल्या असोत की ताट समोर असो, यात कधी खंड नाही. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला बसल्या जागी जखम होते आणि झालेली त्याला कळत नाही, म्हणून हा नेम. आम्हाला ते ठाऊक होतं, नव्या माणसाला कुठून असणार? एकदा पाचूबंदरच्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना ती अशी वर झाली, तर मागच्या बाकावरचे एक पाहुणे, उभं राहायची वेळ झाली असं समजून, एकटेच ताडकन उभे राहिले. बिचारे इकडेतिकडे बघत परत बसले. "एकाला उठवला मी," असं ताई पुढे आठवडाभर सांगत होती.

तिचं खरं नाव फिलोमिना. नांगरताई हे नाव आम्ही ठेवलं, कोर्टवर. व्हीलचेअर बास्केटबॉल म्हणजे कौतुकाने टाळ्या वाजवायचा खेळ, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी एकदा कोर्टच्या कडेला येऊन बसावं. खुर्चीवर खुर्ची आदळते, माणसं पट्ट्यासकट उलटी होतात, बोटं चाकात सापडतात. या सगळ्या धुमाळीत ताईचं काम एकच असायचं. समोरच्या संघातली जी सगळ्यात चपळ असेल तिच्या चाकासमोर आपली खुर्ची आडवी लावायची आणि तिथून हलायचं नाही. ती पोर धडका मारून लाल व्हायची, आणि तेवढ्या वेळात आमच्यातलं कोणीतरी मोकळं सुटून बास्केट करायचं. कोळ्याची लेक, होडीच्या नांगरासारखी एकदा रुतली की रुतली. दुसरं काय नाव ठेवणार?

बारा वर्षं ती राज्याच्या संघातून खेळली, त्यातली काही वर्षं देशाच्या संघातूनही. एवढ्या वर्षांत तिने केलेल्या बास्केट दोन्ही हातांच्या बोटांवर मोजाव्यात. पेपरात बातमी आली की त्यात माझं नाव असायचं, कारण चेंडू टाकणारी मी. ताई ते कात्रण नीट कापून मला आणून द्यायची. एकदा ओशाळून मी म्हटलं, "ताई, यात तुझं नाव कुठेच नाही गं." ती म्हणाली, "मी हाय त्यात. दिसत नाय, एवढंच."

मला या खेळात ओढलं तिनेच. डंपरने स्कूटरला उडवल्यावर माझा मणका दुखावला आणि मी तुळिंजच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते. कुणाकडून तरी तिला माझं कळलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. एका रविवारी दुपारी खालच्या बाजारातून खणखणीत हाक आली, "ए तिसऱ्या माळ्यावरची! मला वर येता येत नाय, तू खाली ये!" मी आईला म्हटलं, खिडकी लाव. खिडकी लावली, तरी हाका थांबेनात. भाजीवाल्या, रिक्षावाले सगळे मान वर करून आमच्या खिडकीकडे बघू लागले. तासभर तिने दम धरला. शेवटी माझ्या वडिलांनीच मला उचललं आणि तीन जिने खाली नेलं. ताईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "दंड बारीक हायत. होतील." तेव्हा मला तिचा इतका राग आला होता की आठवलं तरी आज हसू येतं.

माणिकपूरच्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर आमचा सराव चालायचा. सराव संपला की ताई डबा उघडायची. आत पाव आणि सुक्या बोंबलाची चटणी. आमच्या घरी शनिवार पाळायचे. शनिवारी सराव असला की ती न विसरता माझ्यासाठी वेगळ्या पुडीत शेंगदाण्याची चटणी आणायची. खुर्चीला मात्र कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. माणिकपूरच्या रिक्षास्टँडपाशी एका भल्या गृहस्थाने मागून न विचारता तिची खुर्ची ढकलायला घेतली. तिने दोन्ही चाकं गच्च धरून थांबवली, मान वळवली आणि गोड आवाजात विचारलं, "काका, मी न विचारता तुमच्या कमरेला हात घालून चालू लागली तर चालेल काय?" काका जे गेले ते त्या स्टँडवर पुन्हा दिसले नाहीत.

ताईला हे सगळं झालं ते एकोणिसाव्या वर्षी. किनाऱ्यावर बोंबील सुकवायला बांबूची उंच मांडणी असते. आईने सांगितलं म्हणून ती वरच्या बांबूवर चढली, बांबू निसटला आणि ती पाठीवर पडली. "मीच पाठवली तिला वर," हे तिच्या आईने नंतर कितीजणांना सांगितलं असेल, देव जाणे. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा पाणी द्यायच्या आधी त्यांनी मला तेच सांगितलं. लेकीचा खेळ त्या माउलीने एकदाही पाहिला नव्हता. स्पर्धा व्हायच्या लांब लांब, आणि खरं सांगायचं तर पाहायचं धाडसही होत नव्हतं. ताईची एकच इच्छा होती. "आयेने मला एकदा धावताना बघावी," ती म्हणायची. खुर्ची जोरात पळवण्याला ती धावणंच म्हणत असे.

आणि तो योग आला. राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी मुंबईत ठरली. ताईचे खांदे झिजले होते, डॉक्टरांनी हा मोसम शेवटचा म्हणून बजावलं होतं. रविवारी उपान्त्य सामना. तिथवर आम्ही पोचणार याची सगळ्यांना खात्री होती. पाचूबंदरहून टेम्पो करून आई येणार, सोबत वाड्यातल्या बारा-चौदा बायका येणार, असं महिनाभर आधीच ठरून गेलं.

आता आमच्या खेळातला एक नियम सांगायला हवा. शरीराचा किती भाग काम करतो ते तपासून प्रत्येक खेळाडूला पॉइंट देतात, एकपासून साडेचारपर्यंत. जोर जितका जास्त तितके पॉइंट जास्त. कोर्टवरच्या पाचजणींची बेरीज चौदाच्या वर गेलेली चालत नाही. ताई दीड पॉइंटची, मी साडेतीनची, आणि बाकी तिघींचे मिळून नऊ. बरोबर चौदा. आमचं ते पंचक तीन वर्षं ठरलेलं होतं.

स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना सरावात एक चेंडू माझ्या उजव्या बाजूने बाहेर निघाला. मी झुकले आणि तो उचलला. उचलल्यावर लक्षात आलं की माझा डावा हात चाकावर नव्हता. कशालाही न धरता मी कुशीवर झुकले होते आणि परत सरळ झाले होते! अपघातानंतर चार वर्षांनी माझ्या उजव्या कुशीत जोर परत आला होता. सगळ्या ओरडल्या, टाळ्या पिटल्या. ताईने मात्र चाकांवर हात टेकले, अंग उचललं, तीस आकडे मोजले, खाली बसली आणि म्हणाली, "परत दाखव." मी परत झुकून दाखवलं. तिने माझं तोंड आपल्या खरखरीत हातांत धरलं आणि कपाळाचा मुका घेतला.

दुसऱ्या दिवशी संघाच्या प्रशिक्षक सरांनी मला बाजूला बोलावलं. आमचे सर सरळ माणूस, पण त्या दिवशी नजर चुकवत होते. म्हणाले, "स्पर्धेआधी पॉइंटांची तपासणी होईल, तेव्हा डावा हात चाकावर ठेव. इतकंच कर. पुढचं पुढे बघू." मी ताईला विचारलं. ती भडकलीच. "जेवढं अंग देवाने परत दिलंय तेवढं सगलं दाखवायचं. हात वर कर नि झुक. लपवलंस तर मला तोंड दाखवू नको." मला वाटलं, सरांना नुसती जिंकायची हाव आहे. बेरीज करायचं मला सुचलंसुद्धा नाही. तपासणीत मी हात वर करून झुकले. माझे साडेतीनचे चार पॉइंट झाले.

यादी लागली तेव्हा मी पहिल्यांदा बेरीज केली. आमच्या पाचजणींची बेरीज साडेचौदा होत होती. अर्धा पॉइंट कमी करायचा तर दीडच्या ताईला बसवून निर्मळ गावच्या एक पॉइंटच्या मुलीला घ्यायचं, एवढा एकच मार्ग होता. सर आणि ताई, दोघांनाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला एकटीला.

रविवारी गॅलरीत पाचूबंदरच्या बायका नवी लुगडी नेसून, केसांत फुलं माळून येऊन बसल्या. आई पुढच्या रांगेत. कोर्टवर आम्ही पाचजणी आणि ताई बाहेर बाकाशेजारी. मला विश्रांती द्यायची आणि तेवढा वेळ ताईला आत घ्यायचं असं सरांच्या मनात होतं. पण सामना इतका अटीतटीचा झाला की मला काढायची त्यांची हिंमत होईना. ताई दर पंधरा मिनिटांनी अंग उचलायची, आणि प्रत्येक वेळी गॅलरीतल्या बायका सरसावून बसायच्या. त्यांना वाटायचं, आता हिची पाळी.

दोन मिनिटं उरली. आम्ही दोन गुणांनी मागे होतो. सरांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणा किंवा गहिवरून म्हणा, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ताई, जा आत." निर्मळच्या मुलीला त्यांनी बाहेर बोलावलं. गॅलरीत एकच गलका झाला. आई उभ्या राहिल्या. ताई पट्टा आवळून सुसाट निघाली आणि रेषेपाशी येऊन जागच्या जागी थांबली.

"सर, साडेचौदा होतात," ती म्हणाली.

खुर्ची रेषेच्या आत गेली असती तर आमच्यावर फाऊल बसला असता. सरांनी कपाळाला हात लावला. मी ओरडले, "मी येते बाहेर! ताई, तू ये!" तिने माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी तिची कधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. "दोन गुन हवेत न तू बाहेर येतेस? गप खेल." तिने खुर्ची वळवली आणि बाकाशेजारी परत गेली. आईंच्या देखत.

आम्ही हरलो. शेवटचा चेंडू माझ्याकडे होता, पण माझ्याभोवती तिघींनी कडं केलं होतं आणि त्यांना अडवायला माझ्यापुढे कोणी नव्हतं. नांगर नसला की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. सामना संपल्यावर आई खाली आल्या. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाय, तू नुसती बसूनच र्‍हायलीस गं." ताई म्हणाली, "आये, हितं सगल्याच बसून खेलतात." दोघी हसल्या. मला मात्र रडू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

पुढे महिनाभर मी तिच्या समोर गेले नाही. शेवटी तीच रिक्षा करून तुळिंजला आली आणि खालून हाका मारू लागली. या वेळी मी पहिल्याच हाकेला वडिलांना उचलायला सांगितलं आणि खाली गेले. म्हटलं, "तुला माहीत होतं ना सगळं? मग मला का नाही सांगितलंस? अर्ध्या पॉइंटाचा तर प्रश्न होता." तिने माझा दंड दाबून पाहिला. मग म्हणाली, "तुझ्या कमरेत जोर आला न मी तुला तो लपव सांगू? माझ्या अंगात आला असता तर मी गावभर ओरडत फिरली असती."

तिच्या आईंनी लेकीला धावताना पाहिलं नाही ते नाहीच. दोन वर्षांनी त्या आजारी पडल्या. शेवटचे तीन दिवस त्यांनी ताईचा हात घट्ट धरून ठेवला होता, दोन्ही हातांनी. हात सोडवल्याशिवाय अंग उचलता येत नाही. ताईने तो सोडवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचा नेम मोडला. आई गेल्या, आणि ताईला जखम झाली ती हाडापर्यंत पोचली. सहा महिने ती पालथी पडून होती. मी जायचे तेव्हा उशीत तोंड खुपसूनच विचारायची, "नव्या पोरी येतात काय? दंड कसे हायत?" त्या जखमेतून ती उठलीच नाही, गेली. तिला दोष द्यायचा मला हक्क नाही, पण मी रागावले होते आणि अजून आहे. बाई, तीस आकडे मोजण्यापुरता तरी हात सोडवायचास!

ताईच्या अंत्यविधीच्या मिस्साला चर्चच्या मधल्या वाटेत आम्ही दहा खुर्च्या लावून बसलो होतो. फादर तिच्याबद्दल बोलत होते. पंधरा मिनिटं झाली असतील. माझी संवेदना शाबूत आहे, मला अंग उचलायची गरज नाही. तरी माझे हात आपोआप चाकांवर गेले. मी वर झाले, आणि बघते तर शेजारची निर्मळची मुलगी वर झालेली, तिच्यापलीकडची वर झालेली, दहाच्या दहाजणी कोपरं ताठ करून ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होत्या. मागे बाकांचा आवाज झाला. आम्ही उठतोय असं समजून आधी पाचूबंदरच्या बायका उभ्या राहिल्या, मग त्यांच्या मागचे, मग सगळं चर्च. फादर बोलायचे थांबले. तीस आकडे होईपर्यंत कोणीही खाली बसलं नाही.