दंडाचा चहा

सकाळी फोनवर खैरनारांचं नाव दिसलं, तेव्हा मी दाढी करत होतो. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी आणि मी अध्यक्ष. इतक्या लवकर त्यांचा फोन म्हणजे पाण्याची मोटर बंद पडली असणार. समोरच्याला बोलू न देता मी म्हणालो, "मोटरवाल्याला बोलावून घ्या, आलोच मी." पलीकडून त्यांच्या मुलाचा आवाज आला, "काका, बाबा गेले. झोपेतच." अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी जिना उतरलो. उतरता उतरता माझ्या मनात आलं, आता मोटरचं कोण बघणार? हेही लिहून टाकतो. लपवून काय करू?

शोकसभेत मीच बोललो. "हसतमुख माणूस. आयुष्यात कधी टेन्शन घेतलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. बोललो ते खोटं होतं, आणि ते दुरुस्त करण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

खैरनार मूळचे सटाण्याकडचे. शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे नाशकात आले. कुणी विचारलं, "कसं काय?" की त्यांचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं, "बरं शे." म्हणजे बरं आहे. लिफ्ट अडकली, तिसऱ्या मजल्यावरून गळती झाली, कुणी कुणाच्या जागेवर गाडी लावली, की फोन खैरनारांनाच. दर वार्षिक सभेत ते हळूच म्हणत, "या वेळी मला मोकळं करा." आणि दर वेळी मी उभा राहून म्हणे, "अहो, तुमच्याशिवाय आहे कोण?" टाळ्या पडत. टाळ्यांमध्ये पुन्हा नेमणूक होई. मी स्वतः फक्त सह्या करायचो.

त्यांचं शरीर मात्र 'बरं शे' म्हणत नव्हतं. फोन वाजला की त्यांचे खांदे कानांकडे सरकायचे, जबडा आवळला जायचा. झोपेत दात खाऊन खाऊन दाढा झिजल्या होत्या. पोटात जळजळ, मान आखडलेली, रक्तदाबाच्या गोळ्या वाढलेल्या. दाढांचं आणि गोळ्यांचं नंतर त्यांच्या घरी कळलं, पण खांदे आणि मान मी रोज पाहत होतो, कारण रोज सकाळी आम्ही चारपाच जण जॉगिंग ट्रॅकवर एकत्र फिरायचो. पाहत होतो आणि त्यावर विनोद करत होतो. "सेक्रेटरी, खांदे खाली घ्या, मिरवणुकीत नाचत नाही आपण!" तेही हसायचे.

आमच्या फिरण्याचा एक नियम होता, आणि तोही माझाच. कुणी आजाराचं, औषधाचं किंवा घरचं रडगाणं काढलं, की त्याने दंड म्हणून सगळ्यांना चहा पाजायचा. सकाळ प्रसन्न जावी, हा हेतू. एकदा खैरनारांनी "डॉक्टर म्हणत होते..." एवढं म्हटलं, तोच आमच्यातला थट्टेखोर मोरे ओरडला, "चहा! चहा!" खैरनारांनी हात जोडले, "नाही रे बाबा, काही नाही." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

जाण्याच्या काही दिवस आधी ते आमच्याआधीच ट्रॅकजवळच्या चहाच्या टपरीवर पोहोचले होते. बाकाच्या टोकाला, खांबाला टेकून बसायची त्यांची सवय, तिथूनच म्हणाले, "आज चहा माझ्याकडून."

मोरे म्हणाला, "का हो, लॉटरी लागली की काय?"

मी म्हणालो, "लिफ्ट सुरू झाली वाटतं!"

सगळे हसले. त्यांनी ग्लास हातात घेतला, काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यांचा फोन वाजला. मीच म्हटलं, "घ्या, घ्या, टाकीचंच असेल." ते बाजूला जाऊन बोलत राहिले. परत आले तेव्हा आम्ही कांद्याच्या भावावर घसरलो होतो. ते पुन्हा खांबाला टेकून बसले, गार झालेला चहा प्यायले.

दहावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींना म्हणालो, "इतका त्रास होता, तर एका शब्दाने तरी बोलायचं होतं."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, भाऊ. फोन वाजला की यांचं शरीर जणू भांडायला उभं राहतं, आणि नंतर खाली बसतच नाही. फोन ठरलेल्या वेळीच घ्या, रोज थोडा वेळ श्वास सावकाश सोडत बसा, झोप मोडू नका, काम वाटून द्या. आणि मनातलं कुणाशी तरी बोला. त्या दिवशी घरून निघताना हे म्हणाले होते, आज दंड आधीच भरून टाकतो, मग तरी ऐकतील."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला... तो चहा मी प्यायलो होतो. वर बिस्किटही मागितलं होतं.

केवळ ताणाने ते गेले, असं मी म्हणणार नाही. रक्तदाब होता, वय होतं. पण रोजचं ओझं त्यांच्यावर कुणी ठेवलं आणि ते बोलायची वाट कुणी बंद केली, हे मला माहीत आहे.

सोसायटीचे फोन आता मला येतात. फोन वाजला की माझे खांदे वर जातात, आणि दर वेळी मला दचकायला होतं. सकाळी फिरायला जाताना आता मी तो घरीच ठेवतो.

परवा टपरीवर मी म्हणालो, "आज चहा माझ्याकडून." मोरेच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, माझ्याकडे पाहून त्याने ते गिळलं. मी सगळं सांगितलं. वहिनींचं वाक्यही सांगितलं. ग्लासांवर साय धरली, तरी कुणी घोट घेतला नाही.

मग मोरे सरकत बाकाच्या टोकाला, खांबापाशी जाऊन बसला. म्हणाला, "अध्यक्ष, मलाही एक सांगायचंय," आणि खिशातून पाकीट काढू लागला.

मी त्याचा हात धरला. "पाकीट आत ठेव. आधी सांग."