होडीला एकही भोक न पाडता

फिटरकाका घरातली कुठलीही वस्तू दुरुस्त करायला आले की आधी माणसाकडे बघत आणि मग वस्तूकडे. तुमचा बाबा कॉलेजात असताना त्याची अभ्यासाची खुर्ची कुरकुरायची. काकांनी "कोण बसतं हिच्यात?" एवढंच विचारलं आणि बाबाला बसायला लावलं. मग त्याला उठवून ते स्वतः अगदी त्याच्यासारखे, डावा पाय दुमडून मांडीखाली घेऊन बसले. दहा मिनिटं बसले. समोर त्याचं पुस्तकसुद्धा धरलं होतं, उलटं. शेवटी म्हणाले, "खुर्चीचं काही चुकत नाही. हा माणूस सगळा जोर उजवीकडे टाकतो." उजव्या पायाला एक पट्टी ठोकली. ती खुर्ची अजून घरात आहे आणि अजून गप्प आहे.

काका मूळचे अमळनेरकडचे. बडोद्यात मकरपुऱ्याच्या ज्या कारखान्यात तुमचे आजोबा इंजिनियर होते, तिथे ते तीस वर्षं फिटर होते. राहायचे तरसालीला. निवृत्त झाल्यावरही दर रविवारी स्कूटरवरून रावपुऱ्याला आपल्या घरी यायचे, चहा प्यायचे आणि काही बिघडलंय का ते बघायचे. बोलणं खानदेशी मराठी, पण मान्य असलं की गुजरातीत "बराबर छे" म्हणत आणि पटलं नाही की नुसतं "हं". आजोबांना ते साहेब म्हणत, मला वहिनी. आजोबा त्यांना "फिटर" अशी हाक मारत आणि त्या हाकेत किती माया होती हे मला फार उशिरा कळलं.

आजोबांना मासे धरायचं वेड होतं. डभोईच्या पुढे त्यांच्या एका मित्राचं शेत होतं, त्याला लागून एक तलाव. बडोद्याच्या नदीत मगरी, म्हणून तलावात मगरी नाहीत ना, हे आम्हा बडोदेकरांना आधी विचारावं लागतं, ते मी विचारून घेतलं होतं. त्या तलावात त्यांची अल्युमिनियमची लहानशी होडी असायची. इतकी अरुंद, की मध्ये बसून दोन्ही कोपरं बाहेर काढली तर काठाला लागत. मला ती पेन्सिलीच्या डबीसारखी वाटायची. आजोबा तिच्यात गळ टाकून अख्खी सकाळ एक शब्द न बोलता बसत आणि प्रसन्न होऊन घरी येत.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तुम्ही दोघं तेव्हा फार लहान होतात. डावा हात आणि डावा पाय गेला, जीभ जड झाली. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला. जेवण समोरून सरकवून द्यायचे. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना कशाची तरी ओढ लावा, नाहीतर औषधांनी काही होणार नाही." मला एकच ओढ माहीत होती. मी काकांना सांगितलं, "साहेबांना पुन्हा त्या होडीत बसवायचं आहे."

काका "हं" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी आले.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी इंग्रजीतले तीन लेख छापून ठेवले होते आणि कामांची यादी केली होती. काका म्हणाले, "वाचा वहिनी, मी ऐकतो." मी अर्थ सांगत वाचलं आणि त्यांनी खरोखर सगळं ऐकलं. माझ्या यादीत पहिलं होतं, मधली आडवी फळी कापायची, म्हणजे साहेबांना आत जाता येईल. दुसरं, उंच पाठीची हातवाली खुर्ची बसवायची. ती मी आणूनही ठेवली होती.

"फळी कापली तर दोन्ही काठ फाकतील," काका म्हणाले. "पिशवीच्या तोंडासारखे. तिनंच तर होडी धरून ठेवलीय."

"आणि खुर्ची?"

"ते बसून बघावं लागेल."

बसून बघायला आम्ही तलावावर गेलो. काकांनी माझी खुर्ची होडीत बांधली. मग माझ्याकडून ओढणी मागून घेतली आणि स्वतःचा डावा हात अंगाशी बांधून घेतला. डाव्या गुडघ्याला काठी लावून गमछा गुंडाळला. मी विचारलं, "काका, पोहता येतं ना?"

"अमळनेरला पाणी कुठं होतं शिकायला?"

मी हट्टानं त्यांना फुगवलेली ट्यूब घालायला लावली. काठाशी कंबरभर पाणी होतं. ते खुर्चीत बसले, गळ टाकल्यासारखा उजवा हात उचलला आणि होडी खुर्चीसकट डावीकडे उलटली. बांधलेल्या हातानं पाण्यात पडलेला सत्तरीचा माणूस मी पाहिला, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "परत." असे ते तीनदा पडले. तिसऱ्या वेळी चिखलातून वर येताना माझ्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "हिला तुमच्या गच्चीत ठेवा. वहिनी, साहेब खुर्चीवर बसणार नाहीत, पाण्यावर बसणार आहेत. जितकं खाली बसतील तितकं पाणी त्यांना धरेल."

मला वाटतं, त्या दिवसापर्यंत मी काकांना फक्त हुशार कारागीर समजत होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी माझी यादी फाडून टाकली.

पुढचा महिनाभर त्यांनी काम केलं. दोन फळ्यांच्या मध्ये, तळापासून जेमतेम वीतभर उंचीवर, खाटेच्या नवारीची झोळीसारखी बैठक ताणली. दोन्ही बाजूंना तोंडं बंद केलेले जाड प्लास्टिकचे पाइप आडव्या दांड्यांवर तरंगत ठेवले. डावीकडचा पाइप थोडा जास्त लांब, कारण आजोबांचा भार तिकडे कलणार. उजव्या हाताशी चढताउतरताना धरायला एक वाकवलेली अल्युमिनियमची मूठ आणि गळ रोवायला नळी. एका हातानं वल्हवलं की होडी गोल फिरते, म्हणून मागे सुकाणूसारखा तिरका पत्रा. हे सगळं काठाला चापांनी आवळून बसवलं होतं. बोल्ट लोखंडी, पण प्रत्येकाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, नाहीतर लोखंडाच्या संगतीनं अल्युमिनियम झिजतं, असं त्यांनी मला समजावलं. होडीला त्यांनी एकही भोक पाडलं नाही. वेल्डिंगही नाही. पाणी आत येऊ नये म्हणून असेल, असं मी धरून चालले.

आजोबांना नेलं त्या सकाळी ते रागावलेले होते. मूठ धरून, काकांच्या खांद्यावर भार टाकून ते आत उतरले. होडी हलली आणि स्थिर झाली. काका काठावर दोर धरून उभे होते. आजोबांनी उजव्या हातानं गळ नळीत रोवला, पाण्याकडे बघितलं, मग मान वळवून काकांकडे बघितलं.

"सोड," आजोबा म्हणाले.

चार महिन्यांत मी ऐकलेला तो पहिला स्पष्ट शब्द. मी घाबरून म्हटलं, "काका, नको."

"साहेब सांगतायत, वहिनी," काका म्हणाले आणि त्यांनी दोर सोडला.

होडी थोडी वाकडीतिकडी पण आजोबांना हवी तिकडे गेली. मासा त्या दिवशी एकही लागला नाही. परतीच्या वाटेवर आजोबा जड जिभेनं म्हणाले, "फिटर, पत्रा... जरा जास्त तिरका झालाय." काका म्हणाले, "बराबर छे, साहेब," आणि खिडकीतून बाहेर बघू लागले. त्या संध्याकाळी आजोबांनी मागून जेवण घेतलं.

दोन हिवाळे ते तलावावर गेले. मग दुसरा झटका आला आणि त्यातून ते उठले नाहीत.

काही आठवड्यांनी मी काकांना म्हटलं, होडी तलावावरच्या मासेमाराला देऊन टाकू या. ते पाने आणि पक्कड घेऊन आले. एकेक बोल्ट सोडवला, पाइप उतरवले, झोळी गुंडाळली. दोन तासांत होडी पहिल्यासारखी झाली, अंगावर एक ओरखडा नाही. तेव्हा मी विचारलं, "काका, म्हणून भोक पाडलं नव्हतंत का? पुढे कुणाला देता यावी म्हणून?"

ते पाना पुसत राहिले. "नाही. साहेब बरे झाले असते तर काढावंच लागलं असतं ना हे सगळं."

त्यानंतर ते लेकीकडे अमळनेरला कायमचे जायला निघाले. निरोप घ्यायला आले तेव्हा पिशवीत होडीतली ती मूठ होती. चहा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे जुना टॉवेल मागितला, तो उजव्या गुडघ्याला आवळून बांधला आणि आपल्या दारच्या पायऱ्या चढउतर करू लागले. चार वेळा. माझा गुडघा दुखतो हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुमच्या बाबालासुद्धा नाही.

"तिसऱ्या पायरीला तुम्ही थांबता," ते म्हणाले. "आणि भिंत चाचपता."

मग त्यांनी ड्रिल काढलं. भिंतीला चार भोकं पाडली, मूठ घट्ट बसवली आणि तिला लोंबकळून बघितलं.

"हे मात्र काढायचं नाही," ते म्हणाले.

आता मी तिसऱ्या पायरीला थांबत नाही.